तय्यबच्या नावाचे पंख

मंगरूळपीरला दर्ग्यामागच्या गल्लीत आमचा तेलाचा घाणा होता आणि बरोबर समोर मेहरबीचं घर. मी लग्न होऊन त्या गल्लीत आले तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे प्रयागबाईंनी, पहिल्याच आठवड्यात मला दोन गोष्टी बजावल्या. तेलाचं माप भरताना हात हलवायचा नाही, आणि समोरच्या घरातून काही झाकून आलं तर घ्यायचं नाही. पहिली गोष्ट मी जन्मभर पाळली. दुसरीचं विचारू नका. सासूबाई जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा भरवसा नाही, कुठंतरी कान लावून बसल्या असतील.

मेहरबीच्या नवऱ्याचा, मेहबूबचा, कोंबड्यांचा धंदा होता. डाकबंगल्यात साहेब लोक मुक्कामाला आले की कोंबड्या तोच पुरवायचा. तिथल्या खानसाम्याला पाहिजे छाती आणि तंगड्या. पंख आणि माना तो परत मेहबूबच्या टोपलीत टाकी. पंखांत हाडंच हाडं, मांस ते किती, असं त्याचं म्हणणं. मेहबूब ते घरी आणायचा आणि मेहरबी त्या पंखांचं जे काही करायची, ते साहेबाच्या ताटात कधी गेलं नाही हे साहेबाचं नशीब फुटकं, दुसरं काय.

पण ते काही हौसेनं सुरू झालेलं नव्हतं. त्यांचा एकुलता एक पोरगा तय्यब. वऱ्हाडात जन्मला आणि पोराला तिखट सोसेना! एक घास तिखटाचा गेला की ओठ सुजायचे, जिभेला फोड यायचे, पोरगं जमिनीवर गडबडा लोळायचं. आमच्याकडे मिरचीशिवाय कालवण म्हणजे आजाऱ्याचं जेवण, त्यामुळे गल्लीतली टवाळ माणसं त्याला साहेब म्हणायची. हकीमानं सांगितलं, लाल मिरची बंद, काळे मिरे चालतील, लिंबू चालेल. तेवढ्यावर त्या बाईनं पोरगं वाढवलं. आणि पोरगं खाण्यात असं की ताटात काही उरू देईना. तापानं फणफणलेलं असलं तरी उशीवरून विचारी, अम्मा, चुलीवर काय आहे.

तिची रीत मी तिच्या उंबऱ्याशी बसून कितीदा तरी पाहिली. गरम पाण्यात पिसं काढून झाली की पंख सोलायचे नाहीत, कातड्यासकट जाळावरून फिरवायचे, म्हणजे बारीक लव जळून जाते. मग मीठ चोळून टोपलीत पसरायचे आणि वर फडकं बांधून दिवसभर वाऱ्याला ठेवायचे. कातडं हाताला कोरडं लागेपर्यंत ती कढईला हात लावत नसे. ओलं तेलात सोडलं की चामडं होतं, म्हणायची. ज्वारीच्या पिठाचा नुसता हात फिरवायचा, लेप नाही द्यायचा. तेल करडईचंच लागे, कारण जवसाचं फेसाळतं आणि कडवट वास मारतं. ती आमच्याकडे येऊन आधी तेलाचा वास घेऊन बघायची. आमच्या तेलाचा! मला फार राग यायचा. पंख एकदा मंद जाळावर तळून काढायचे, पुरते निवू द्यायचे, मग चुलीत लाकडं सारून जाळ मोठा करायचा आणि पुन्हा सोडायचे. त्या दुसऱ्या खेपेला कढई जी तडतडायची ती गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जाई, आणि तय्यब जिथं असेल तिथून पळत सुटे.

लिंबू ती वरून कधीच पिळत नसे. रस पडला की कुरकुरीत कातडं बघता बघता मऊ होतं, सगळी मेहनत पाण्यात. लिंबाची वरची पिवळी साल तेवढी ती सुरीनं पातळ काढायची, आतला पांढरा भाग कडू म्हणून टाकायची, आणि साली सुपात पसरून ओसरीवर उन्हात वाळवायची. वाळलेली साल, काळे मिरे आणि मीठ खलबत्त्यात जाडसर कुटून कढईतून काढलेल्या पंखांवर भुरभुरवलं की झालं. ही साल वाळवायची तऱ्हा गल्लीत दुसरी कोणी करत नसे. सुपात पिवळ्या साली दिसल्या की आम्हाला कळायचं, तय्यबचं खाणं होणार.

मेहबूब पटकीच्या साथीत गेला. तय्यबला तेव्हा नुकतंच मिसरूड फुटत होतं. मेहरबीनं घरीच कोंबड्या पाळल्या, अंडी विकली, पोरगं मोठं केलं आणि कामरगावची नसीम सून करून आणली. नसीम म्हणजे उंच, चपळ, आणि हसायला काही कारण लागायचं नाही अशी पोरगी. सासू-सुनेचं एवढं जमलं की माझ्या पोटात दुखायचं, कारण आमच्या सासूबाई कशा होत्या ते मी वर सांगितलंच आहे. तय्यब मात्र फार दिवस राहिला नाही. कापसाच्या खरेदीला आलेल्या एका शेठच्या माणसानं त्याला रंगूनला नेलं. शेठच्या भटारखान्यात काम होतं. कामरगावचा भाऊसिंग आधीपासून तिथंच दरवान होता, म्हणून मेहरबीनं हो म्हटलं. दोन-तीन वर्षांत परत येतो, म्हणून गेला.

मग लढाई सुरू झाली आणि एका हिवाळ्यात रंगूनवर बाँब पडले. तिकडचे आपले लोक डोंगर-जंगलातून पायी निघाले असं बाजारात ऐकू येत होतं. कोणी म्हणे हजारो मेले, कोणी म्हणे सगळे पोचले. आमच्या गल्लीला कोण खरं सांगणार?

सांगितलं ते भाऊसिंगनं. पावसाळ्याच्या तोंडाशी तो परत आला आणि कामरगावहून बैलगाडीत घालून त्याला मेहरबीच्या अंगणात आणलं. चालता येत नव्हतं. गल्ली गोळा झाली होती, मीही होते. मेहरबी त्याच्यापुढे बसली, नसीम मागे दाराशी उभी.

भाऊसिंग म्हणाला, "आमी संगच निंघालो होतो चाची. जंगलात त्याले हागवण लागली. पाय सुजले. एका झाडाखाली बसला तं उठेच ना."

"मंग?"

"म्या त्याले माह्याजवळचे फुटाणे देले. नको म्हणे. तू जाय म्हणे. मागून माणसं येऊन राह्यली होती, थांबता येत नव्हतं चाची. म्या दोन-तीनदा वळून पाह्यलं. मंग तो आडवा झालेला दिसला."

"तू त्याले मरतानी पाह्यलं?"

"नाई."

मेहरबी उठली. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "बसला हाये. थकला म्हून बसला. येईन." आणि आत जाऊन तिनं भाऊसिंगसाठी चहा ठेवला. मला तेव्हा वाटलं, बाई दगडाची आहे किंवा मग तिला आमच्यापेक्षा काही जास्त ठाऊक आहे.

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्यांच्यात माणूस गेलं की त्याच्या नावानं फातिहा देतात. गेलेल्याच्या आवडीचं रांधून त्यावर फातिहा पढतात आणि मग ते सगळ्यांना वाटतात. आपणही पितरांना त्यांच्या आवडीचंच वाढतो की. मेहबूबच्या घराण्यात त्यातही एक जास्तीची रीत होती. गेलेल्याचं म्हणून एक ताट वेगळं वाढायचं आणि त्याच्याच वयाच्या माणसाला ते खाऊ घालायचं. आणि फातिह्याचं रांधताना मीठसुद्धा चाखायचं नाही.

तर तय्यबचा चुलता वहाब भावजयीला म्हणाला, भाभी, फातिहा करून टाकू, पोराच्या जिवाला थंडक पडेल. मेहरबी नाही म्हणाली. वहाबनं तिला न विचारता आपल्या घरी खीर करून फातिहा दिला. मेहरबीनं त्या खिरीला तोंड लावलं नाही. "तय्यब खीर खात होता का? ज्यात त्याच्या आवडीचं नाई, तो फातिहा त्याचा नाई. त्याचे पंख मी तळीन तवा त्याचा फातिहा. अन् मी कायले तळीन? जित्त्या माणसाचा?" वहाबला ते मानावं लागलं. गल्लीलाही ते पटलं, कारण आपल्या लोकांना असलं काही फार लवकर पटतं.

त्या दिवसापासून मेहरबीच्या घरी पंख तळले गेले नाहीत. फोडणीपुरतं पावशेर तेल न्यायची. पण उन्हाळा आला की ओसरीवर सुपात साली मात्र वाळायला पडायच्या. पहिल्या वर्षी पडल्या, दुसऱ्या वर्षी पडल्या. वाळायच्या, डब्यात जायच्या, पुढच्या वर्षी जुन्या टाकून नव्या भरायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बाया बघून डोळे पुसत. काही नुसत्याच जीभ चालवत. पोराला लहानपणापासून पंख खाऊ घातले म्हणून पोरगा उडाला, असंही एक बाई आमच्या घाण्यावर बोलली. मी तिला तेल न देता परत पाठवली.

हाल झाले ते नसीमचे. ती ना सवाष्ण, ना विधवा. लग्नात बोलावलं तर मागच्या ओळीत बसायची, मयतीत गेली तर बाया तिच्याकडे बघून आणखी रडायच्या. हसणं गेलं म्हणणार नाही मी, पण हसायला आता तिला कारण लागायला लागलं. सकाळी कोंबड्यांना दाणे टाकायची, अंडी वेचायची, सासूचं डोकं चेपायची. विशी ओलांडलेली पोर, दिवस नुसते जात होते.

तिच्या बापानं कामरगावहून तीनदा चकरा मारल्या. अनसिंगला रेल्वेच्या रुळांवर काम करणारा चांदखाँ म्हणून एक माणूस होता, बायको बाळंतपणात गेलेली, वय तय्यबएवढंच. नसीम मोकळी झाली तर तो निकाह लावायला तयार होता. काझींनी सांगितलं, साक्षीदार आहे, घरच्यांनी मौत मानली की पोरीला इद्दतीला, म्हणजे चार महिने दहा दिवस घरात, बसवू, इद्दत सरली की ती मोकळी. पण, काझी म्हणाले, जन्म देणारी आईच म्हणते पोरगा जिवंत आहे, तर मी कोणत्या तोंडानं त्याला मेलेला म्हणू? म्हणजे सगळं येऊन अडलं ते एका कढईवर. मेहरबी पंख तळील तर नसीम सुटेल. नाही तळले तर ती पोरगी तिथंच, त्या ओसरीवर.

आणि नसीमलाच विचारलं तर ती बापाला म्हणायची, "अब्बा, अम्मा वाट पाहून राह्यली. ते मनातून काढत नाई तोवर मी कशी जाऊ? तिले कोण हाये?"

एकदा माझ्यानं राहवलं नाही. मेहरबी तेलाला आली तेव्हा मी म्हटलं, "चाची, पोरीचा तं विचार करा. तुमची वाट पाहणं खरं हाये, पण तिचं वय निंघून चाललं."

"तू तुया घाणा पाह्य, गोजरा," म्हणाली आणि वास न घेताच तेल घेऊन गेली. मी रात्री मालकांना म्हटलं, ही म्हातारी भलती हट्टी. मालक म्हणाले, आई आहे ती, तुला काय कळणार. मालकांना बायकांबद्दल नेहमीच फार कळायचं.

तिसरा उन्हाळा आला. एके दिवशी सकाळी मेहरबी घाण्यावर आली. बैल नुकता जुंपला होता, मी पायलीत करडई भरत होते.

"गोजरा, करडईचं हाये का ताजं?"

"हाये. पावशेर ना?"

"दोन शेर दे."

माझ्या हातातली पायली तशीच राहिली. मला वाटलं, आला! मी ओरडलेच, "चाची! तय्यबची खबर आली?"

ती घाण्याजवळच्या लाकडावर बसली. मी तिला अशी बसलेली कधी पाहिली नव्हती, नेहमी उभ्यानंच तेल घेऊन जायची. म्हणाली, "फातिहा करतो."

"म्हंजे? कोणी काई सांगतलं?"

"सांगतलं तं त्याच दिवशी होतं भाऊसिंगनं. तूबी तं होती तेथी. फुटाणे देले तं नको म्हणे, आयकलं नाई तू? माह्या तय्यबनं खायले नको म्हटलं. जन्मात नाई म्हटलं कवा. मी तवाच समजली, गोजरा. माह्या पोटातलं पोरगं, मले नाई समजणार?"

मी म्हटलं, "मंग इतके दिवस काहून…"

"इतके दिवस नसीम घरात होती," ती म्हणाली. "फातिहा झाला असता तं तिचा बाप दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात. मंग कोण राह्यते? मी अन् कोंबड्या. तो गेला, मानलं. नसीमबी जाईन, हे मले मानवे ना."

"अन् त्या साली? तुमी तं दर साल वाळवून राह्यल्या होत्या…"

"तिनं पाहाव्या म्हून. सूप दिसलं का तिले वाटे, अम्मा वाट पाहून राह्यली, आता कसं जाऊ. मी मुद्दाम दारासमोर ठेवो." मेहरबीनं पदरानं तोंड पुसलं. "आज सकायी उठली, तं सूप भरलेलं. नसीमनं साली काढल्या. एकदम पातळ, माह्यासारख्या. म्हणे अम्मा, तुमचे हात दुखतात, आतापासून मीच करत जाईन, ते आले म्हंजे घाई नको. हासून म्हणे, गोजरा. मी खोटं करून दाखवलं, तिनं खरं मानलं. मी मेल्यावरबी ते वाळवतच बसन."

मला दया यायला पाहिजे होती. नाही आली. राग आला. त्या पोरीचं मागच्या ओळीत बसणं मला आठवलं, तिच्या बापाच्या चकरा आठवल्या, आणि ही बाई सगळं जाणून चहा ठेवत होती. मी म्हटलं, "चाची, तुमी त्या पोरीचे दिवस खाल्ले."

"व्हय," ती म्हणाली. "खाल्ले. तेल दे."

मी तेल दिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं नसीमला, बापाला भेटून ये म्हणून, कामरगावला पाठवून दिलं. पोर गेल्यावर वहाबला बोलावलं आणि म्हणाली, जुमेरातला फातिहा. नसीमच्या बापाला निरोप धाड, त्यानं पोरीला सांगून, समजावून आणावं. अनसिंगच्या चांदखाँलाही बोलाव. मग वहाबनं अंगणातल्या तिच्या सगळ्या कोंबड्या जिबह केल्या. एक ठेवली नाही. मांसाचा सालन लोकांसाठी, पंख तय्यबच्या नावाचे.

जुमेरातच्या, म्हणजे गुरुवारच्या, सकाळी मी माझ्या दारात तांदूळ निवडत बसले होते. खरं तर तांदळात खडा नव्हता. समोर मेहरबी ओसरीवरच्या चुलीशी होती. पंखांची पहिली खेप मंद जाळावर तळून परातीत निवत होती. तिनं चुलीत लाकडं सारली, तेल कडकडू दिलं आणि पंख पुन्हा सोडले. कढई तडतडली. तीन वर्षांनी तो आवाज गल्लीत आला आणि शेजारपाजारची दारं उघडली.

त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी कामरगावची बैलगाडी येऊन लागली. नसीमच्या बापाला निरोप पोचला होता, पण रस्ताभर त्याची सांगायची हिंमत झाली नव्हती. त्यानं पोरीला एवढंच म्हटलं होतं की अम्मानं बोलावलं आहे.

नसीमनं तो आवाज ऐकला.

गाडी थांबायच्या आधीच तिनं उडी मारली. बुरखा अर्धा गाडीतच राहिला. ती पळत आली, हसत, माझ्याकडे बघून ओरडली, "गोजराकाकू, ते आले!" आणि ओसरीवर चढली. या दारातून त्या दारात गेली, पडदा सारून आत डोकावली, अंगणात जाऊन आली. धापा टाकत चुलीपाशी उभी राहिली. "अम्मा, कवा आले? कोठी गेले? आंघोळीले गेले का?"

मेहरबीनं मान वर केली नाही. झाऱ्यानं पंख उलटत राहिली. "नाई आला, बेटा," म्हणाली. "फातिहा हाये."

नसीम उभीच राहिली. तोंडावरचं हसू तिथंच होतं, त्याला अजून कळलं नव्हतं. मग ती खाली बसली आणि तिनं जो आवाज काढला तो मी सांगत नाही. गल्लीतल्या बाया धावल्या. मीही धावले. तिच्या हातातल्या बांगड्या कोणी उतरवल्या ते मला दिसलं नाही. एवढं दिसलं की मेहरबी चुलीपासून हलली नाही. पंख करपू द्यायचे नव्हते.

दुपारी अंगणात माणसं बसली. लोबान जाळलं, मौलवींनी फातिहा पढला. तय्यबचं ताट झाकून वेगळं ठेवलं होतं. रीतीप्रमाणे ते वहाबनं द्यायचं, पण मेहरबीनं स्वतः उचललं आणि पुरुषांच्या पंगतीत जाऊन चांदखाँपुढे ठेवलं. काळासावळा, दणकट माणूस, मान खाली घालून बसलेला. चार लोकांत कुजबूज झाली. तो उठून उभा राहायला लागला तर तिनं हातानं बस म्हटलं. तो बसला. एक पंख उचलून त्यानं खाल्ला. कुरकुरीत कातडं तुटल्याचा आवाज दारामागे बायकांत आम्हाला ऐकू आला, इतकं सगळं चूप होतं.

"मीठ बराबर हाये का?" मेहरबीनं विचारलं. "चाखता नाई येत आमाले."

"बराबर हाये, अम्मा," तो म्हणाला. ताटातला एक पंख त्यानं मागे ठेवला नाही.

माझ्या वाट्याला पानात बांधून दोन पंख आले. सासूबाई काय म्हणायच्या ते म्हणोत. मीठ फार झालं होतं, इतकं की घशाखाली उतरेना. तीन वर्षांत तिचा हात गेला होता. तेवढ्यावरून मला कळलं की चांदखाँ माणूस चांगला आहे, आणि पोरगी बऱ्या घरी पडेल.

इद्दत सरली. निकाह साधासाच झाला, दर्ग्याच्या मागच्या अंगणात. मेहरबीनं नसीमला खरं सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. मी तर सांगितलं नाही. काही वेळा वाटतं सांगायला पाहिजे होतं, काही वेळा वाटतं त्यानं कोणाचं काय भलं झालं असतं. जाताना नसीम सासूच्या गळ्यात पडून म्हणाली, "अम्मा, मी येत जाईन, ईदले येईन, उरुसाले येईन." मेहरबी तिची पाठ थोपटत होती आणि हो हो म्हणत होती.

गाडी गेली. गल्ली रिकामी झाली. मला घरात बसवेना, म्हणून मी समोर गेले. मेहरबी ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. अंगणात कोंबडीचं पीससुद्धा नव्हतं. मी तिच्याजवळ बसले. तिच्यावरचा राग माझा गेला नव्हता, आजही पुरता गेलेला नाही, पण उठून जाववेना.

मी म्हटलं, "चाची, रडून घ्या."

"तय्यबसाठी रडली मी," ती म्हणाली. "त्याचं खाणं केलं, फातिहा झाला, तो गेला. हे पोरगी जित्ती हाये, गोजरा. हिच्यासाठी काय करू?"